शस्त्रसंधी कोणी मोडली, हे सरकार सांगते तेव्हा (श्रीलंका, २००२ ते २००८)

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी,

आमच्या नौपाड्यातल्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात श्रीलंकेतील यादवी युद्धावर दोन बैठका ठरल्या आहेत. त्यासाठी मी २००२च्या शस्त्रसंधी कराराचा आणि त्यानंतरच्या काही सरकारी निवेदनांचा मराठी अनुवाद करत आहे. हे काम करताना एका वाक्यापाशी मी चार दिवस अडून बसलो आहे, म्हणून हा धागा काढला. वाक्य वरवर अगदी साधे आहे: ‘लिट्टेने (म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने) आज शस्त्रसंधीचे उल्लंघन केले.’ सरकार हे वाक्य उच्चारते तेव्हा ते आपल्याला माहिती देत असते, तक्रार नोंदवत असते, की उद्या आपण जे करणार आहोत त्याची तयारी करत असते?

आधी थोडी पार्श्वभूमी देतो. नॉर्वेच्या मध्यस्थीने झालेल्या या करारावर पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे आणि लिट्टेचे प्रमुख वेलुपिल्लै प्रभाकरन यांनी वेगवेगळ्या ठिकाणी सह्या केल्या आणि २२ फेब्रुवारी २००२ रोजी तो जाहीर झाला. राष्ट्राध्यक्षा चंद्रिका कुमारतुंगा दुसऱ्या पक्षाच्या होत्या, म्हणजे कोलंबोतच या कराराविषयी एकमत नव्हते. करार काही पानांचाच आहे, पण त्यात ‘भंग’ कशाला म्हणायचे हे बरेच तपशिलाने लिहिलेले आहे. पहिल्या कलमात गोळीबार, छापे, दबा धरून केलेले हल्ले, हत्या, अपहरण, घातपात, आत्मघाती हल्ले, हवाई बाँबफेक आणि सागरी आक्रमण यांना मनाई आहे. दुसऱ्या कलमात सामान्य नागरिकांना धमकावणे, त्यांचा छळ करणे, त्यांच्याकडून खंडणी उकळणे आणि त्यांना पळवून नेणे यांवर बंदी आहे. तमिळ भागांतील शाळा आणि देवळे लष्कराने ठरलेल्या मुदतीत रिकामी करून द्यावीत, हेही त्याच करारात लिहिलेले होते. त्यामुळे एखाद्या शाळेत सैनिक मुदतीनंतर राहिले तर तोही भंग, आणि बस उडवून दिली तर तोही भंगच.

तिसरे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यानुसार नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि आइसलंड या पाच देशांचे निःशस्त्र निरीक्षक पथक नेमले गेले, जे एसएलएमएम या नावाने ओळखले जाते. जाफना, मन्नार, वावुनिया, त्रिंकोमाली, बट्टिकलोवा आणि अंपारै येथे त्याची कार्यालये होती. जिल्हा समितीत सरकारची दोन माणसे, लिट्टेची दोन आणि एक परदेशी निरीक्षक, अशी पाच जणांची रचना होती. कराराचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार पथकाच्या प्रमुखाकडे होता. शिक्षेचा अधिकार मात्र कोणाकडेच नव्हता.

या पथकाने एप्रिल २००७ पर्यंत लिट्टेचे ३,८०० हून अधिक भंग सिद्ध धरले आणि सरकारी बाजूचे सुमारे ३५०. सरकारच्या शांतता सचिवालयाने ही आकडेवारी वारंवार पुढे केली, आणि ती खोटी नव्हती.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण या प्रश्नाचे मूळ त्यात आहे. २००६ साली मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीला परदेशच्या बातम्या पाहत असे. १५ जूनला केबितिगोल्लेवा येथे एक प्रवासी बस सुरुंगाने उडवली गेली आणि साठहून अधिक माणसे मेली. लिट्टेने हे कृत्य केल्याचे सरकारने म्हटले होते; लिट्टेने ते नाकारले होते. पानावर जागा नव्हती, शेवटची ठाणे लोकल चुकण्याची वेळ झाली होती, आणि मी ‘सरकारने म्हटले आहे’ हे शब्द मथळ्यातून आणि पहिल्या परिच्छेदातून कापले. दोन महिन्यांनी, १४ ऑगस्टला, मुल्लैतिवू जिल्ह्यातील सेंचोलै येथे हवाई दलाने बाँब टाकले आणि पन्नासहून अधिक तरुण मुली मरण पावल्या. तेथे लिट्टेचे प्रशिक्षण केंद्र होते असे सरकारने जाहीर केले. मी पुन्हा तेच शब्द कापले. नंतर निरीक्षक जागेवर जाऊन आले आणि तेथे लष्करी तळाच्या खुणा आढळल्या नाहीत असे त्यांनी सांगितले. त्या प्रथमोपचाराच्या वर्गाला आलेल्या विद्यार्थिनी होत्या असे युनिसेफनेही म्हटले. जूनमध्ये ते तीन शब्द कापल्याने वाचकाची फारशी दिशाभूल झाली नसेल. ऑगस्टमध्ये झाली, आणि ती माझ्या हातून झाली. तो मथळा आजही मला तोंडपाठ आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो: सरकारचा असा अहवाल वाचताना आणि मराठीत आणताना तुम्ही त्यात काय शोधता?

पंचनामा (ठाणे)

खाडीकाठ, मी ठाण्याच्या न्यायालयात तीस वर्षे फौजदारी वकिली केली आहे, तेव्हा माझ्या सवयीच्या शब्दांत सांगतो. सरकारचे निवेदन ही फिर्याद आहे. फिर्याद खरी असू शकते, बहुतेक वेळा तिच्यात तथ्य असतेही, पण तिला निकाल म्हणता येत नाही. आपण दिलेल्या आकड्यांबाबतही हाच भेद पाळायला हवा. एसएलएमएमकडे आलेल्या तक्रारी हा एक आकडा आणि चौकशीनंतर भंग म्हणून मान्य झालेल्या घटना हा वेगळा आकडा; पथक दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवत असे. कोणी ‘इतक्या हजार तक्रारी’ म्हणत असेल आणि वर्तमानपत्र ‘इतके हजार भंग’ छापत असेल, तर वाचकाच्या हातात फिर्यादच निकाल म्हणून पडते.

फिर्याद वाचताना मी पाच गोष्टी पाहतो. घटना कधी घडली आणि कळवली कधी. जागेचे नाव गावापर्यंत दिले आहे की नुसते ‘पूर्व भागात’ म्हटले आहे. कराराच्या कोणत्या कलमाचा भंग सांगितला आहे. सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले. आणि दुसऱ्या बाजूला विचारले होते का. चौथी गोष्ट सर्वांत जास्त वेळा गाळलेली असते. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या का घेतात, हे ज्याने एकदा उलटतपासणीत पंच फुटताना पाहिला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. तरीसुद्धा पंचनामा असलेला खटला आणि पंचनामा नसलेला खटला यांत जमीनअस्मानाचे अंतर असते.

सायली_सानपाडा

धागा वाचते आहे आणि बरेच नवीन कळते आहे. मी राज्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. एक प्रश्न आहे: ३,८०० आणि ३५० हे आकडे पाहिले तर लिट्टे दहापट अधिक दोषी होती असे म्हणता येईल का? की ही तुलनाच चुकीची आहे?

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे)

सायली, लिट्टेने करार फार जास्त वेळा मोडला, हे निःसंशय म्हणता येते. ‘दहापट’ मात्र म्हणता येत नाही, कारण या यादीत प्रत्येक घटनेला एकच रेघ मिळते. सेंचोलैचा हवाई हल्ला आणि एखाद्या नाक्यावरची अडवणूक यांना मोजणीत सारखेच स्थान आहे.

त्या ३,८०० मध्ये सर्वांत मोठा वर्ग कोणता होता, हे समजल्यावर मला तरी त्या आकड्याकडे निव्वळ आकडा म्हणून पाहता आले नाही. तो वर्ग होता लहान मुलांच्या भरतीचा. म्हणजे गोळी एकही सुटलेली नाही, दोन्ही सैन्ये आपापल्या रेषेमागे आहेत, कोलंबोत पर्यटक येऊ लागले आहेत, ए-९ महामार्ग एप्रिल २००२ मध्ये खुला होऊन जाफन्याला बस जाऊ लागली आहे, आणि त्याच शांततेत बट्टिकलोवाकडच्या एखाद्या गावातून शाळेत जाणारे पोर उचलून नेले जाते. त्याची आई निरीक्षकांच्या कार्यालयात येते आणि तक्रार लिहून देते. यादीतली एक रेघ अशी तयार होते. सरकारने ही गोष्ट जगाला सांगितली हे योग्यच केले. माझी तक्रार इतकीच आहे की सरकारी निवेदनात ती आई दिसत नाही, एकूण बेरीज दिसते.

जुना सिग्नलवाला (ऐरोली)

मी १९८८ आणि १९८९ मध्ये भारतीय शांतिसेनेसोबत त्रिंकोमाली भागात संदेशवहनाच्या कामावर होतो. आपण ज्या कराराविषयी बोलत आहात त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, पण अहवाल जन्माला कसा येतो हे मी आतून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, ऑगस्टमध्ये लिट्टेने काही शस्त्रे खाली ठेवली, आणि ऑक्टोबरमध्ये सारे उलटले. श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या माणसांपैकी बारा जण ५ ऑक्टोबरला पलाली येथे सायनाइड खाऊन मेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच आपले सैन्य लढाईत उतरले. करार मोडला कोणी, याची तेव्हाही तीन उत्तरे होती: एक कोलंबोचे, एक दिल्लीचे आणि एक जाफन्याचे. आमचे सुमारे १,२०० जवान तिथून परत आले नाहीत. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यातलेच, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

आता अहवालाचे सांगतो. चौकीवरून येणारा संदेश मी वहीत उतरवून घेत असे आणि संध्याकाळी त्याचा सिटरेप (परिस्थितीचा अहवाल) वर जात असे. आमच्या सुभेदारसाहेबांचा एक कडक नियम होता: ‘ऐकले’ आणि ‘पाहिले’ हे दोन शब्द कधीही एकमेकांच्या जागी लिहायचे नाहीत. चौकीवरचा जवान सांगत असे, ‘ईशान्येकडून स्वयंचलित हत्याराचे सात-आठ राउंड ऐकले, अंतर अंदाजे आठशे मीटर, कोण ते दिसले नाही.’ वहीत हे जसेच्या तसे जाई. ब्रिगेडच्या कागदावर ते ‘ईशान्येकडून गोळीबार’ होई. त्याच्याही वर गेले की ‘लिट्टेचा गोळीबार’ होई. कोणीही जाणूनबुजून खोटे लिहिलेले नसे. प्रत्येक पायरीवर एक शब्द गळत असे आणि गळालेल्या शब्दाची जागा खात्री घेत असे. त्या भागात ईपीआरएलएफ आणि टेलो या दुसऱ्या तमिळ संघटनांचीही हत्यारबंद माणसे होती, हे चौकीवरच्या जवानाला पक्के ठाऊक होते.

खाडीकाठ, आपण कापलेले तीन शब्द त्या साखळीतले शेवटचे होते. त्याआधीचे किती गळाले असतील ते आपल्या हातात नव्हते.

स्पष्टवक्ता (कळवा)

चर्चा चांगली आहे, पण मला एका गोष्टीवर तीव्र आक्षेप नोंदवायचा आहे. निवडून आलेले सरकार आणि मुलांना पळवून नेऊन त्यांच्या गळ्यात सायनाइडची कुपी अडकवणारी संघटना यांच्या शब्दांना एकाच तराजूत तोलणे मला मान्य नाही. परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामार स्वतः तमिळ होते; १२ ऑगस्ट २००५ रोजी कोलंबोत त्यांच्या राहत्या घरी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. लिट्टेने नाकारले. केबितिगोल्लेवा नाकारले. प्रत्येक नकाराला ‘दुसरी बाजू’ म्हणून जागा देत बसलो तर मेलेल्या माणसांवर अन्याय होतो. आपल्या नागरिकांवर झालेला हल्ला जगाला सांगणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि प्रत्येक वेळी त्याने परदेशी निरीक्षकाच्या शिक्क्याची वाट पाहावी ही अपेक्षा अवाजवी आहे.

बंदरपट्टा (नेरूळ)

स्पष्टवक्ता यांच्या मुद्द्याला समुद्रावरचे एक उदाहरण जोडतो. मी न्हावा शेवा बंदरात कंटेनर वाहतुकीच्या व्यवसायात आहे. आपल्याकडून कोलंबोला फीडर जहाजे जातात, त्या कामासाठी मी २००६च्या एप्रिलमध्ये कोलंबोत होतो. २५ एप्रिलला लष्करप्रमुख सरत फोन्सेका यांच्यावर लष्करी मुख्यालयात आत्मघाती हल्ला झाला, त्या दिवशी आमच्या एजंटचे कार्यालय दुपारीच बंद झाले. तिथला एक तमिळ कारकून ओळखपत्र शर्टाच्या खिशात बाहेरून दिसेल असे अडकवून घरी निघाला होता. नाक्यावर हात खिशाकडे नेताना पोलिसाचा गैरसमज होऊ नये, म्हणून तसे करतो असे त्याने मला सांगितले. करार तेव्हाही कागदावर लागू होता.

११ मे रोजी ‘पर्ल क्रूझ’ या जहाजातून ७१० सैनिक नेले जात होते. सोबत नौदलाच्या नौका होत्या आणि एसएलएमएमचा निरीक्षकही त्या ताफ्यात होता. लिट्टेच्या सागरी वाघांनी (तिच्या सागरी दलाने) हल्ला केला, नौदलाची एक नौका बुडवली आणि खलाशी मारले. सरकारने तत्काळ कळवले. यावेळी साक्षीदार स्वतः तिथे हजर होता, आणि पथकाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की हा गंभीर भंग आहे आणि समुद्रावर बिगर-सरकारी संघटनेला कोणताही हक्क नाही. निरीक्षकांनी नौदलाच्या जहाजांवर बसू नये असे लिट्टेने आधीच बजावले होते, म्हणजे साक्षीदार कोणाला नको होता हेही दिसून येते. त्यानंतर लवकरच युरोपीय संघाने लिट्टेला दहशतवादी यादीत टाकले, आणि लिट्टेने स्वीडन, फिनलंड व डेन्मार्कच्या निरीक्षकांना सप्टेंबरपूर्वी बाहेर जायला सांगितले. पथक निम्म्याहून कमी झाले. साक्षीदार कमी झाल्यावर दोन्हीकडच्या निवेदनांची संख्या मात्र वाढत गेली.

पंचनामा (ठाणे)

स्पष्टवक्ता, आपला संताप मला कळतो आणि कदिरगामार यांच्याविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे धरा असे इथे कोणी म्हटलेले नाही. सरकारचा शब्द अधिक वजनदार असतो, त्याच कारणाने तो अधिक तपासावा लागतो. लिट्टेच्या खोट्या नकाराने तिचीच पत जाते. सरकारच्या निवेदनावर मात्र पुढच्या सकाळी विमाने उडतात.

नेपाळचे उदाहरण घ्या. १७ ऑगस्ट २००३ रोजी सरकार आणि माओवादी यांची बोलणी सुरू होत असतानाच रामेछाप जिल्ह्यातील दोरंबा येथे लष्कराच्या हातून १९ माणसे मारली गेली. चकमक झाली असे लष्कराने सांगितले. नेपाळच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने माणसे पाठवून चौकशी केली, तेव्हा त्यांना ताब्यात घेतल्यानंतर ठार केल्याचे निष्पन्न झाले. दहा दिवसांनी माओवाद्यांनी शस्त्रसंधी संपल्याचे जाहीर केले. पुढे कित्येक महिने सरकार माओवाद्यांच्या कृत्यांचे अहवाल देत राहिले आणि त्यांतले बरेच खरे होते, पण दोरंबानंतर ऐकणाऱ्याचा कान बदललेला होता.

श्रीलंकेतही मुत्तूर येथे ऑगस्ट २००६ मध्ये एका फ्रेंच मदतसंस्थेचे १७ कर्मचारी मारले गेले. सरकारने जबाबदारी नाकारली. पथकाचे प्रमुख उल्फ हेन्रिक्सन यांनी सुरक्षा दलांकडे स्पष्ट बोट दाखवले. ज्या पथकाने ३,८०० वेळा लिट्टेला दोषी धरले त्याच पथकाचा हा निष्कर्ष आहे. पहिला स्वीकारायचा आणि दुसरा पक्षपाती म्हणायचा, असे करता येणार नाही.

स्पष्टवक्ता (कळवा)

मुत्तूरचा मुद्दा मान्य करतो. दोन्ही निष्कर्ष एकाच पथकाचे आहेत, तेव्हा ते एकत्रच स्वीकारावे लागतील. पण मार्च २००४ मध्ये लिट्टेचा पूर्वेकडचा सेनापती करुणा संघटनेतून फुटल्यानंतर पूर्वेकडे जे खून झाले ते कोणाच्या खात्यावर लिहायचे? सरकार त्यांना अंतर्गत भांडण म्हणे, लिट्टे त्यांना सरकारपुरस्कृत म्हणे.

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे)

हाच या करारातला सर्वांत कमकुवत सांधा आहे, असे मलाही वाटते. करारावर सह्या दोघांच्या होत्या आणि बंदुका तिघांकडे आल्या. सही न केलेला माणूस करार मोडू शकत नाही. म्हणजे करुणा गटाने केलेला खून कोणाच्याही रकान्यात बसत नाही, जोवर त्यामागे सही करणाऱ्यांपैकी कोणाचा हात आहे हे दाखवता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये जिनिव्हात सरकारने आपल्या दलांखेरीज कोणालाही शस्त्र बाळगू देणार नाही अशी हमी दिली. ही हमी द्यावी लागली यातच बरेच काही आले. सरकारी अहवालात काय आहे याइतकेच त्यात कोणता रकाना नाही हेही पाहावे लागते, हे मला या चर्चेतून पक्के समजले.

सायली_सानपाडा

नियंत्रण रेषेवरच्या उल्लंघनांचे आकडे आपले सरकार संसदेत देते, त्यालाही हेच निकष लावायचे का? २०२० साठी ५,१३३ हा आकडा दिला गेला होता.

पंचनामा (ठाणे)

ते दोन राष्ट्रांमधले प्रकरण आहे आणि तिथे दोघांना मान्य असा पंच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाची भूमिका सिमला करारानंतर संपली अशी भारताची भूमिका आहे. या धाग्याला जवळचे उदाहरण नागालँडचे. एनएससीएन या नागा बंडखोर संघटनेच्या आयझॅक-मुइवा गटाशी १ ऑगस्ट १९९७ पासून शस्त्रसंधी आहे, तिचे मूलनियम लिहिलेले आहेत, आणि भंगाच्या तक्रारी पाहणाऱ्या गटात दोन्ही बाजूंची माणसे बसतात. खंडणीवरून तिथे जे वाद होतात ते श्रीलंकेच्या दुसऱ्या कलमाशी ताडून पाहा. त्यावर वेगळा धागा काढलात तर मी लिहीन.

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. श्रीलंका सरकारने २ जानेवारी २००८ रोजी चौथ्या कलमानुसार नॉर्वेला चौदा दिवसांची नोटीस दिली आणि १६ जानेवारीला करार संपला. त्या नोटिशीच्या काळातली निवेदने बैठकीत वाचायचीच आहेत. त्यांमागे साक्षीदार फारच थोडे उरले होते.

अनुवादापुरते मी असे ठरवले आहे. सरकारी निवेदनातले प्रत्येक वाक्य ‘केल्याचे सरकारने कळवले’ असे लिहीन, पथकाने मान्य केलेला भंग ‘केल्याचे निरीक्षकांनी ठरवले’ असा लिहीन, आणि जिथे लिट्टेने नाकारले तिथे तेही लगेच पुढच्या वाक्यात येईल. सिग्नलवालेसाहेबांच्या वहीतला ‘ऐकले’ आणि ‘पाहिले’ हा भेद मूळ मजकुरात जिथे जिथे सापडेल तिथे जपेन. वाक्ये लांबतील आणि पाने वाढतील, पण आता जागा कमी असल्याचे कारण माझ्याकडे नाही. सेंचोलैचे निवेदन आज रात्री पुन्हा पहिल्या ओळीपासून करायला घेतो. सिग्नलवालेसाहेब, बैठकीला आपण ऐरोलीहून येऊ शकलात तर त्या वहीविषयी आपल्या तोंडून ऐकायला आवडेल.

जुना सिग्नलवाला (ऐरोली)

वही मला तिथेच जमा करावी लागली, पण मजकूर बराच आठवतो. येतो.